दीर्घकालीन हृदयशूल आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या

आपण वडिलांविषयी जे विचारले आहे ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतो आहे ते आपल्याला ताडून पाहता येईल. वडील ६७ वर्षांचे आहेत, साताऱ्याजवळ गावी राहतात आणि आपण नोकरीसाठी पुण्यात असता. चढ चढताना किंवा जेवण झाल्याबरोबर चालायला लागले की त्यांच्या छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबले की दोन-तीन मिनिटांत ते ओसरते; यालाच हृदयशूल (अँजायना) म्हणतात. असे तीन वर्षांपासून चालू आहे. अँजिओग्राफीत लहान फांद्यांमध्ये अडथळे दिसले, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना औषधांवरच ठेवायचे ठरवले. मधुमेह १२ वर्षांचा आहे. सकाळी लांब काळ काम करणारी मेटोप्रोलॉल ५०, दोनदा आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २०, दोनदा मेटफॉर्मिन ५००, रात्री अ‍ॅस्पिरिन ७५ आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४०, दुखले तर जिभेखाली सॉर्बिट्रेट (म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट), आणि छातीच्या दुखण्यासाठी दोन महिन्यांपूर्वी नव्याने जोडलेली रॅनोलॅझिन ५००, तीही दोनदा. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक. आता खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले, तिसऱ्या दिवसापासून चक्कर आणि मळमळ वाढली, आणि वडील वैतागून सगळ्याच गोळ्या बंद करायचे म्हणत आहेत. यातली कोणती गोळी कमी करता येईल, मोठी गोळी कुटून दिली तर चालेल का, आणि सॉर्बिट्रेट रोज घेतली तर सवय लागेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

गेली २६ वर्षे मी एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो आणि असे रुग्ण आठवड्याला कितीतरी पाहतो. तरीही आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही. त्यांची नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजी यांपैकी काहीच माझ्यासमोर नाही, आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी या चार आकड्यांवर अवलंबून आहेत. म्हणून डोस बदलण्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. तो निर्णय घेताना काय विचारायचे आणि तोपर्यंत काय करायचे नाही, एवढे मी निश्चित सांगू शकतो.

आधी तातडीचे. रॅनोलॅझिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन औषधे एकत्र द्यायची नसतात. ही केवळ सावधगिरीची सूचना नाही, रॅनोलॅझिनच्या माहितीपत्रकातच तशी स्पष्ट मनाई आहे. कारण असे की रॅनोलॅझिनचा निचरा मुख्यतः यकृतातल्या एका विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो, त्याला सीवायपी ३ए४ म्हणतात. क्लॅरिथ्रोमायसिन नेमके तेच विकर अडवते. मग ५०० मिलिग्रॅमची गोळी तीच राहते, पण रक्तातले औषध साठत जाते आणि जणू कितीतरी मोठा डोस घेतल्यासारखे होते. चक्कर, मळमळ, बद्धकोष्ठता हे रॅनोलॅझिनचे नेहमीचे त्रास वाढतात, ते तर दिसतातच. न दिसणारा परिणाम ईसीजीवर होतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याला पुन्हा सज्ज व्हायला जो वेळ लागतो, तो ईसीजीत क्यूटी या अंतरात मोजतात. रॅनोलॅझिन हे अंतर थोडे लांबवते, क्लॅरिथ्रोमायसिनही लांबवते. ते फार लांबले तर क्वचित हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस कोसळू शकतो. शिवाय अ‍ॅटोर्वास्टॅटिनचाही निचरा याच वाटेने होतो, त्यामुळे ४० मिलिग्रॅमवर असलेल्या माणसाला क्लॅरिथ्रोमायसिन दिले तर स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते. हातपाय, मांड्या विनाकारण ठणकत असतील किंवा लघवीचा रंग चहासारखा झाला असेल, तर तेही आवर्जून सांगा.

तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनची पुढची गोळी देण्याआधीच दोन्ही डॉक्टरांना फोन करा, रॅनोलॅझिनची आजची गोळी द्यायची की नाही ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि आजच्या आज एक ईसीजी काढून घ्या. क्लॅरिथ्रोमायसिन थांबवल्यावरही ते अडवलेले विकर पूर्ववत व्हायला काही दिवस जातात, म्हणून "आता बंद केले, संपले" असे समजू नका. वडील मध्येच बेशुद्ध झाले, छातीत धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. खोकल्याचे काय, असे आपण विचाराल. पुष्कळ खोकल्यांना प्रतिजैविक लागतच नाही, आणि लागलेच तर रॅनोलॅझिनशी न भिडणारी प्रतिजैविके आहेत. गावातल्या डॉक्टरांना फक्त हे माहीत असायला हवे होते की रुग्ण रॅनोलॅझिन घेतो. अझिथ्रोमायसिन क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुळातले आहे. ते यकृताची ही वाट फारशी अडवत नाही, पण क्यूटी लांबवू शकते, म्हणून जुन्या पाकिटातली उरलेली "तीन दिवसांची गोळी" स्वतःहून देऊ नका.

इथेच मला या प्रकरणाचा खरा प्रश्न दिसतो. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी चुकीची नव्हती आणि खोकल्यासाठीची चिठ्ठीही खोकल्यापुरती चुकीची म्हणता येणार नाही. चूक त्या दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये झाली, कारण पूर्ण यादी एकाच माणसाच्या नजरेखालून गेली नाही. माझ्याकडे गुंतागुंत होऊन येणाऱ्या हृदयशूलाच्या रुग्णांत मी हेच वारंवार पाहतो.

रॅनोलॅझिनच्या बाबतीत ही यादी आणखी लांब आहे, त्यातली आपल्याकडे हमखास भेटणारी नावे लक्षात ठेवा. बुरशीसाठी पोटात घ्यायची केटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल या गोळ्या त्याच्यासोबत चालत नाहीत; गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सध्या सर्रास दिले जाते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात तरी हृदयाच्या औषधांची यादी दाखवा. उलट्या दिशेने, क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिट्ससाठीची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल ही औषधे रॅनोलॅझिनचा इतका झपाट्याने निचरा करतात की गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होते. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर रॅनोलॅझिनचा डोस ५०० दोनदा यापुढे न्यायचा नसतो. यकृताचा सिरॉसिस असेल तर हे औषध द्यायचेच नसते. मूत्रपिंड अधू असेल तर ते सुरू केल्यावर क्रिएटिनिन पुन्हा तपासावे लागते, आणि १२ वर्षांच्या मधुमेहानंतर आपल्या वडिलांचे क्रिएटिनिन कसे आहे हा पहिला प्रश्न मी विचारला असता. मेटफॉर्मिनशीही याचे नाते आहे: रॅनोलॅझिन १००० दोनदा चालू असेल तर मेटफॉर्मिन दिवसाला १७०० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. वडिलांचा आजचा डोस दोन्ही बाजूंनी कमी आहे, पण उद्या शुगर वाढली म्हणून कोणी मेटफॉर्मिन वाढवले आणि दुखणे वाढले म्हणून कोणी रॅनोलॅझिन वाढवली, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाईल. फळांत ग्रेपफ्रूटचा रस वर्ज्य आहे. आपल्याकडे तो फारसा कोणी पीत नाही, पण कोकणातले पपनस त्याच कुळातले असल्याने या गोळीवर असणाऱ्याला मी तेही टाळायला सांगतो.

आता मोठी गोळी कुटण्याविषयी. रॅनोलॅझिनची गोळी औषध हळूहळू सुटावे अशी बनवलेली असते. ती कुटली, चावली किंवा तोडली तर बारा तासांत सुटायचे औषध एकदम रक्तात उतरते. म्हणून ती अखंडच गिळायची, जेवणाआधी किंवा नंतर कशीही चालते. गिळताच येत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा, ते दुसरे औषध निवडू शकतात. एखादी वेळ चुकली तर पुढची गोळी ठरल्या वेळी एकच घ्यायची, दोन एकदम नाहीत. वडिलांच्या मेटोप्रोलॉलचेही बहुधा असेच आहे. नावापुढे एक्सएल, एक्सआर किंवा ईआर लिहिलेले असेल तर ती लांब काळ काम करणारी गोळी असते. अशा मेटोप्रोलॉलच्या काही गोळ्यांवर मधोमध खाच असते आणि तिथे दोन तुकडे करता येतात, पण चुरा करता येत नाही. कोणती गोळी मोडता येते हे पाकिटावरून ठरवण्यापेक्षा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारणे बरे, आणि विचारायला संकोच करू नये.

"सगळ्या बंद करतो" या वडिलांच्या म्हणण्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि ती मेटोप्रोलॉलमुळे. बीटा ब्लॉकर गटातली ही औषधे हृदयावरचा अ‍ॅड्रेनालिनचा मारा थोपवतात. महिनोन् महिने तो मारा थोपवला की हृदय स्वतःला त्या परिस्थितीशी जुळवून घेते आणि अ‍ॅड्रेनालिनला अधिक संवेदनशील होते. मग एके दिवशी गोळी अचानक बंद झाली की तेवढेच अ‍ॅड्रेनालिन पूर्वीपेक्षा जोराने लागते: नाडी वाढते, रक्तदाब चढतो, दुखणे उसळते आणि काहींना हृदयविकाराचा झटकाही येतो. माझ्या एका रुग्णाने मुलीच्या लग्नाच्या धावपळीत चार दिवस ही गोळी घेतली नाही आणि पाचव्या दिवशी त्यांना मांडवातून थेट अतिदक्षता विभागात आणावे लागले. ते वाचले, पण तो प्रसंग मी प्रत्येक नव्या रुग्णाला सांगतो. हे औषध थांबवायचे असेल तर डॉक्टर ते एक ते दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. वडिलांनी एखाद्या दिवशी ती चुकवली असेल तर नेहमीचाच डोस पुन्हा सुरू करा आणि नाडी मोजून डॉक्टरांना कळवा. नाडी ५० च्या खाली असेल, किंवा चक्करेसोबत नाडी मंद लागत असेल, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला. वडिलांना मधुमेह आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. शुगर खाली गेल्यावर होणारी थरथर आणि धडधड ही गोळी झाकून टाकते, घाम मात्र तसाच येतो. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार उतरत नाही. पण पुढे ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सुरू झाले, तर अचानक आलेल्या घामाकडे दुर्लक्ष करू नका.

आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ते किती वाजता घेतात हे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या अनुभवात दहातल्या निम्म्या घरांत इथेच गफलत असते. "दिवसातून दोनदा" म्हटले की आपण सकाळ आणि रात्र असे धरतो, कारण बाकीच्या गोळ्या तशाच असतात. नायट्रेटला मात्र रोज काही तास सुट्टी द्यावी लागते. सतत रक्तात राहिले की रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात आणि गोळी घेऊनही गुण येत नाही. म्हणून २० मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचे दोन डोस साधारण सात तासांच्या अंतराने द्यायचे असतात, उदाहरणार्थ सकाळी ८ आणि दुपारी ३, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत शरीर नायट्रेटमुक्त राहते. लांब काळ काम करणारी गोळी असेल तर ती सकाळी एकदाच असते. ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी कारखान्यांतल्या कामगारांनी अनुभवली होती. याच नायट्रेट गटातले नायट्रोग्लिसरीन हे सुरुंगाच्या दारूतलेही द्रव्य आहे. ते बनवणाऱ्या कारखान्यांत सोमवारी कामावर आलेल्यांचे डोके भयंकर दुखायचे, आठवड्याभरात ते दुखणे कमी होत जायचे, आणि रविवारची सुट्टी घेऊन आले की सोमवारी पुन्हा तेच. शरीर आठवड्यात सरावत होते आणि सुट्टीत तो सराव मोडत होता. आपण औषधाच्या बाबतीत रोज रात्री अशी छोटी सुट्टी मुद्दाम घडवून आणतो. वडिलांना रात्री किंवा पहाटे दुखत असेल तर वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात, म्हणून दुखणे कोणत्या वेळी होते याची नोंद महत्त्वाची.

सॉर्बिट्रेटची सवय लागेल का, याचे उत्तरही यातच आहे. दुखल्यावर किंवा दुखणार हे माहीत असताना अधूनमधून घेतलेल्या जिभेखालच्या गोळीची सवय लागत नाही. सवयीच्या भीतीने दुखणे सोसत बसणारे रुग्ण मी खूप पाहतो आणि त्यांना मी कळकळीने सांगतो की तसे करू नका. ठराविक चढ किंवा देवळाच्या पायऱ्या चढताना नेहमी दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून दहा-पंधरा मिनिटे आधी ती गोळी ठेवता येते. पण ती रोजच लागू लागली, तर तो सवयीचा नाही, आजार बदलल्याचा पुरावा आहे.

ती घ्यायची कशी हेही घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. दुखू लागले की थांबायचे आणि बसायचे. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस पडतो. तोंड कोरडे असेल तर पाण्याचा एक घोट घेऊन मग गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळू द्यायची, कारण गिळली तर तिचा बराचसा भाग यकृतातच खर्ची पडतो आणि आराम उशिरा पडतो. डोके ठणकेल, चेहरा गरम वाटेल. ते तिच्या कामाचेच लक्षण आहे. पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही किंवा वाढतच राहिले, तर १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत दर पाच मिनिटांनी एक, अशा एकूण तीन गोळ्यांपर्यंत जाता येते, मात्र माणूस शुद्धीवर असावा आणि घेरी येत नसावी. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन चावून घ्यायचे का आणि किती, हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. दुचाकीवर मागे बसवून रुग्णालयात नेऊ नका. आणि लक्षात ठेवा, रॅनोलॅझिन किंवा रोजची मोनोनायट्रेट ही झटक्याच्या वेळची औषधे नाहीत. नावे सारखी असल्यामुळे मोनोनायट्रेट जिभेखाली ठेवून आराम पडण्याची वाट पाहत बसलेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत.

गोळी कुठे ठेवता हेही महत्त्वाचे. एका घरात ती देवघराच्या फळीवर जपून ठेवली होती आणि दुखले तेव्हा आजोबा शेतात विहिरीपाशी होते. एक पाकीट खिशात आणि एक घरात सर्वांना माहीत असलेल्या जागी हवे, दोन्हींवरची मुदतीची तारीख दर काही महिन्यांनी पाहायची. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेटऐवजी नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवा, कारण ते औषध उडून जाते आणि प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळीत काही दिवसांनी फारसे औषध उरत नाही.

एक विषय मुलाने वडिलांशी बोलणे अवघड असते, तरी लिहितो. नायट्रेट घेणाऱ्याने लैंगिक दुर्बलतेसाठीच्या सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास कोणतेही नायट्रेट घेता येत नाही, आणि वडिलांसारखे रोज नायट्रेटवर असलेल्यांनी या गोळ्या घ्यायच्याच नसतात. या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवल्या जातात आणि लाजेपोटी घरात कोणालाच सांगितल्या जात नाहीत. मी प्रत्येक पुरुष रुग्णाला, वय काहीही असो, नातेवाइकांना बाहेर बसवून हे विचारतो. आपण ते काम डॉक्टरांवर सोपवा, फक्त त्यांना एकांतात बोलायला वेळ द्या. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही सांगा. त्यानेही रक्तदाब उतरतो, आणि रात्री लघवीला उठताना पडणाऱ्या कितीतरी वृद्धांच्या यादीत नायट्रेट आणि ही गोळी दोन्ही सापडतात.

गुडघ्यांच्या गोळीबद्दल आपण ओझरते लिहिले आहे, पण माझ्या मते ती यादीतली सर्वांत आधी थांबवण्याजोगी गोष्ट आहे. डायक्लोफेनॅकने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, आणि युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना ते देऊ नये असे ठरवले. मधुमेहींच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो, आणि मूत्रपिंड मंदावले की रॅनोलॅझिन व मेटफॉर्मिन दोन्ही रक्तात वाढतात. आयब्युप्रोफेनचा दोष वेगळा: ते अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतले तर अ‍ॅस्पिरिनला त्याच्या जागी बसू देत नाही, म्हणजे रक्त पातळ ठेवण्याचे काम अर्धवट राहते. गुडघ्यांसाठी ठरलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांपासून सुरुवात करता येते. मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी" म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत डायक्लोफेनॅकही असते, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचा.

कोणती गोळी कमी करता येईल याचे उत्तर देताना मी गोळ्यांची दोन कामे वेगळी करतो. मेटोप्रोलॉल, मोनोनायट्रेट आणि रॅनोलॅझिन दुखणे कमी करण्यासाठी आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन दुखण्यासाठी नाहीतच, ती पुढचा झटका टाळण्यासाठी आहेत, आणि त्यांचा गुण माणसाला जाणवत नाही. म्हणूनच कंटाळलेला रुग्ण नेमकी हीच दोन आधी सोडतो. दात काढायचा असला तरी अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करू नका, दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांना एकमेकांशी बोलू द्या. पहिल्या गटात मात्र बदलाला जागा असते. रॅनोलॅझिनने दुखणे खरोखर कमी झाले का, हे पाहायला दोन महिने पुरेसे आहेत. झाले नसेल आणि बद्धकोष्ठता, चक्कर मात्र वाढली असेल, तर ती काढून दुसरे औषध देता येते. पर्यायांचेही आपापले त्रास असतात: अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, निकोरॅन्डिलने तोंडात किंवा गुदद्वारापाशी चिवट व्रण होऊ शकतात, ट्रायमेटाझिडिनने काही वृद्धांचे हात थरथरतात आणि चाल बिघडते, इव्हाब्रॅडिनने डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो. हे त्रास ओळखले नाहीत तर त्यांच्यासाठी आणखी एक गोळी सुरू होते. घोट्यांच्या सुजेसाठी लघवीची गोळी आणि थरथरीसाठी कंपवाताची गोळी चालू झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांची मूळची एक गोळी काढली आणि नंतरच्या दोन आपोआप गेल्या.

या गोळ्यांपेक्षा अँजिओप्लास्टी करून मोकळे व्हावे का, असा विचार आपल्या मनात डोकावला असेल तर तो स्वाभाविक आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्थिर आजार असलेल्या ५,१७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या अभ्यासात सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्या आणि आधी औषधांवर ठेवलेल्या गटांत मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. वारंवार दुखणाऱ्यांचे दुखणे मात्र अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या गटात अधिक कमी झाले. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते. लहान फांद्यांतल्या अडथळ्यांसाठी औषधे निवडण्याचा आपल्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो.

दुखण्याचे रूप बदलले तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला पडते. पूर्वी दोन मजले चढल्यावर दुखायचे ते आता अंगणात चालताना दुखते, बसल्या जागी दुखते, झोपेतून उठवते, किंवा सॉर्बिट्रेट पूर्वीपेक्षा जास्त लागते, यातले काहीही झाले तर घरी गोळ्या कमी-जास्त न करता त्याच दिवशी रुग्णालयात जा. मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणे, घाम सुटणे, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात जड वाटणे असे होऊ शकते. "गॅस झालाय" म्हणून सोडा किंवा ओवा घेऊन रात्र काढणे हे आपल्या घरांतले सर्वांत जुने आणि सर्वांत महागात पडणारे निदान आहे.

उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडतो असे मानणारे वडीलधारे अजून आहेत. एकादशीला मेटोप्रोलॉल चुकवू नये हे त्यांना घरातल्यांनीच समजावावे. शुगरच्या औषधाचे मात्र उपवासात डोस बदलावे लागू शकतात, ते आधी विचारावे. प्रवासाला किंवा वारीला जाताना गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. अर्जुनसालाचा काढा किंवा अन्य कोणतेही चूर्ण चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, त्यांना रागावण्यासाठी नव्हे तर हिशेब लावण्यासाठी ते हवे असते.

थोडक्यात, या आठवड्यात एवढे करा: आज फोन आणि ईसीजी, मेटोप्रोलॉल न चुकवणे, डायक्लोफेनॅक थांबवणे, मोनोनायट्रेटच्या वेळा तपासणे, आणि क्रिएटिनिनची तपासणी. मग एका कागदावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. कंपनीचे नाव पुरेसे नाही, कारण एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोन डॉक्टरांकडून येते आणि दोन्ही घेतली जातात. जेनेरिक दुकानातून आणलेल्या गोळीचा रंग बदलला की हा गोंधळ आणखी वाढतो. त्या कागदाचा फोटो आपल्या आणि आईंच्या फोनमध्ये असू द्या, आणि गावातल्या डॉक्टरांनाही एक प्रत देऊन ठेवा.

पुढच्या भेटीला आपण स्वतः सोबत गेलात तर उत्तम. जाताना घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्या, चालू असलेली, बंद केलेली आणि कोणी शेजाऱ्याने दिलेली सुद्धा. त्यात गुडघ्यांची गोळी आणि क्लॅरिथ्रोमायसिनचे ते अर्धे राहिलेले पाकीटही असू द्या.